मुद्दल, व्याज आणि मूल

‘गुंतवणूक’ हा शब्द मराठीत ज्याने कोणी पैशाच्या संदर्भात प्रथम वापरला, तो गृहस्थ पोराबाळांचा धनी असला पाहिजे, अशी अलीकडे माझी समजूत होऊन बसली आहे. इंग्रजांनी याच अर्थाने ‘इन्व्हेस्टमेंट’ हा शब्द घेतला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधले वस्त्र आहे. पैशाला एक अंगरखा चढवावा, तो जुना झाला की उतरवून दुसरा चढवावा, अशी काहीशी सुटसुटीत कल्पना त्यामागे दिसते. आपल्या माणसाने मात्र ‘गुंतणे’ हे क्रियापद उचलले. दोरा गुंततो, पाय गुंततो, केस गुंततात, जीव गुंततो. त्याच न्यायाने पैसाही गुंततो. ओढावा तर तुटायची भीती, सोडवू म्हणावे तर दिवस जातात. शब्द घडवणाऱ्याला हा अनुभव दुकानात आला की पाळण्यापाशी, हे सांगायला आता तो हयात नाही. पण मला विचाराल, तर तो पाळण्यापाशीच आला असावा.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. वय त्रेचाळीस. माझ्या नावावर एक डीमॅट खाते आहे आणि घरात अकरा महिन्यांची एक मुलगी आहे. मराठीच्या अध्यापकाने शेअर घ्यावेत, ही गोष्ट आमच्या विभागात अजूनही कोणी फारशी मनावर घेत नाही. आणि त्रेचाळिशीत माणसाने लंगोट वाळत घालावेत, ही गोष्ट आमच्या सोसायटीत सगळ्यांनीच फार मनावर घेतली आहे. ‘उशिरा का होईना’ असे म्हणून जो तो पेढा उचलतो. त्या ‘का होईना’ मध्ये किती व्याज साठले आहे, ते ज्याचे त्याला कळते.

शेअर-बाजाराच्या वाटेला मी काही हौसेने गेलो नाही. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर जे सरकारी वा अनुदानित नोकरीत रुजू झाले, त्यांना जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन लागू झाले नाही. त्यांच्यासाठी अंशदायी योजना आली. पगाराचा एक हिस्सा आपण घालायचा, एक हिस्सा सरकारने घालायचा, आणि ती रक्कम बाजाराच्या हवाली करून साठाव्या वर्षाची वाट पाहायची. मी रुजू झालो २००८ साली. म्हणजे ज्याला आपण बाजारात पाऊलही टाकत नाही असे वाटत होते, तो मी पहिल्या पगारापासून बाजारातच उभा होतो. निदान आपण कुठे उभे आहोत ते तरी पाहावे, म्हणून मी चार पुस्तके वाचली, खाते उघडले, आणि दरमहा थोडे थोडे शेअर घेऊ लागलो.

आमच्या वडिलांना हे मुळीच रुचले नाही. ते माध्यमिक शाळेतून निवृत्त झाले. त्यांचे निवृत्तिवेतन दर महिन्याला बँकेत येते, आणि ते आले की पासबुक भरून आणणे हा त्यांचा मोठा आनंद आहे. ‘शेअर म्हणजे सट्टा’ हे त्यांचे मत १९९२ च्या रोखे-घोटाळ्याने कायमचे पक्के केले. त्या वर्षी शेजारच्या वाड्यातले एक हुशार गृहस्थ अंथरुणाला खिळले, एवढी एकच हकीकत ते पुरावा म्हणून सांगतात. त्यांना उत्तर देणे सोपे नाही. कारण इतिहास त्यांच्या बाजूला आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला, आणि १८६१ पासून चार वर्षे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर नवनव्या कंपन्या निघाल्या. समुद्र बुजवून जमीन करण्यासाठी निघालेल्या बॅक बे कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांच्या पुढे गेला. पुढे युद्ध संपले, कापूस उतरला, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे पैसे चुकते करण्याची वेळ आली, तेव्हा सारी मुंबई एकदम कंगाल झाली. त्या साऱ्या खेळातला सर्वांत मोठा खेळाडू प्रेमचंद रायचंद. त्याची संपत्ती गेली, बँक ऑफ बॉम्बे बुडाली, त्या कंपन्यांची नावेही आज कोणाला आठवत नाहीत. पण तेजीच्या भरात, १८६४ साली, त्याने विद्यापीठाच्या मनोऱ्यासाठी आपल्या आईच्या नावाने दोन लाख रुपये दिले होते. १८७८ साली पुरा झालेला तो राजाबाई टॉवर आज दीडशे वर्षे होत आली तरी उभा आहे.

वडिलांना मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे आईला दिले तेवढेच वाचले.” हे अर्थशास्त्र कोणत्या पुस्तकात बसते ते मला ठाऊक नाही. पण कन्या जन्मल्यापासून ते वाक्य माझ्या कानात आहे.

मूल घरात आले की पैशाचे गणित एका रात्रीत बदलते, असे लोक म्हणतात. माझ्या मते गणित तेच राहते, फक्त त्याला तारखा लागतात. मी साठीला पोचून निवृत्त होईन, तेव्हा ती सतरा वर्षांची असेल. म्हणजे तिचे महाविद्यालयात नाव घालणे आणि माझे महाविद्यालयातून नाव कमी होणे, या दोन्ही गोष्टी एका हंगामात होतील. हे गणित मी कागदावर मांडले त्या रात्री मुलगी रडत नव्हती, तरीही झोप आली नाही.

अशा माणसाला सल्ला देणाऱ्यांची कधीच वाण पडत नाही. बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात नाव सांगण्याआधी माझ्या कानात एका विमायोजनेचे नाव सांगण्यात आले. सांगणारे नात्यातलेच होते. त्यांना पुढे बसवून आम्ही घुगऱ्या दिल्या आणि विषय बदलला. सौ. बँकेत अधिकारी आहेत. त्यांनी कोणाचे काही न ऐकता पोस्टात जाऊन सुकन्या समृद्धीचे खाते उघडले. ही योजना २०१५ च्या जानेवारीत सुरू झाली. दहा वर्षांच्या आतल्या मुलीच्या नावाने खाते काढायचे, वर्षाला कमीत कमी अडीचशे आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरायचे, भरणे पंधरा वर्षे, आणि खाते पिकते एकविसाव्या वर्षी. मुलगी अठरा वर्षांची झाली वा दहावी उत्तीर्ण झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. २०२४ च्या जानेवारीत या खात्याचा दर ८.२ टक्के झाला. हा दर सरकार दर तिमाहीला जाहीर करते, त्यामुळे तो कायमचा मानून चालत नाही. पण पायाखाली फरशी असली म्हणजे पुढचे पाऊल कसे टाकावे याचा विचार तरी करता येतो. सौ. म्हणाल्या, “हे खाते हात लावायचे नाही. याच्या पलीकडचे जे काही तुमचे शेअर-बिअर आहेत, त्यांचे तुम्ही पाहा.”

त्या दिवसापासून मी एक लांब वही घातली. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे, ही आपली जुनी रीत. नावे बाजू सुरुवातीला झरझर भरली: दुपटी, वाफारा, औषधे, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू. जमा बाजूला काय लिहावे, असा प्रश्न पडला, म्हणून तिथे मी मुलीची हकीकत लिहू लागलो. ‘आज पालथी पडली. परत उताणे होता येईना, म्हणून रागावली.’ ‘खालचे दोन दात.’ ‘रात्री सलग तीन तास झोप. तिची आणि आमची.’ असे दोन-चार शब्द. वाचकहो, वीस वर्षे मी मुलांना निबंधलेखन शिकवत आलो. पण रोज रात्री खरे दोन-चार शब्द लिहायचे म्हटले की भाषेची किती उपकरणे निरुपयोगी ठरतात, ते या वहीने दाखवले.

ही वही लिहिता लिहिता आणखी एक गंमत लक्षात आली. आपल्या भाषेत पैशाचे आणि मुलांचे शब्द आधीपासूनच एका घरात नांदत आहेत. नातवंडांना ‘मुद्दलापेक्षा व्याज प्यारे’ म्हणतात. आमच्या वडिलांनी तर सारे पासबुकच नातीच्या हाती दिले आहे. ती ते चघळते. आता हे ‘व्याज’ संस्कृतात पाहावे, तर त्याचा अर्थ निमित्त, बहाणा! निंदेच्या बहाण्याने केलेली स्तुती ती व्याजस्तुती, हे आम्ही अलंकार शिकवताना सांगतो. मूळ धनाला संस्कृतात मूल म्हणतात, आणि आमच्या घरात मूल म्हणजे जे रात्री दोनला जागे होते ते. मुलीच्या लसी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला टोचून घ्याव्या लागतात. हा ‘आठवडा’ म्हणजेच फारसीतला हप्ता. मूळ सात दिवसांचा तो हप्ता मराठीत येऊन कर्जाचा झाला. आणि ‘दामदुपट’ ही तर खरी ऋणकोची ढाल. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, असा तो जुना हिंदू कायद्यातला नियम. पुढे सावकाराच्या बाजूची मंडळी तोच शब्द ‘पैसे दुप्पट’ या अर्थाने वापरू लागली. किसान विकास पत्र १९८८ साली निघाले, तेव्हा त्यात साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट होत. २०२३ च्या एप्रिलपासून त्याला ११५ महिने लागू लागले. आमच्या कन्येने आपले जन्माचे वजन पाच महिन्यांत दुप्पट केले. सगळीच बाळे करतात. इतका परतावा देणारा कागद अजून बाजारात आलेला नाही.

मात्र वजन रोज करू नये, असे आमच्या आईचे म्हणणे. दृष्ट लागते. शेअर-बाजारातले जाणतेही हेच सांगतात की भाव रोज पाहू नये. त्यांचे कारण वेगळे आहे. रोज पाहणाऱ्याला रोज काहीतरी करावेसे वाटते, आणि वाढणाऱ्या गोष्टीला सारखे काही करून चालत नाही. याच्या पुढे मात्र दोन्ही शास्त्रांची फारकत होते. बाजाराचा जाणता सांगतो: कशातही जीव गुंतवू नका, कंपनी पटेनाशी झाली की विका आणि मोकळे व्हा. हा उपदेश घेऊन पाळण्याजवळ गेले तर पाळणा हसेल.

या दोन शास्त्रांपैकी कोणते कुठे लावायचे, हा प्रश्न यंदा श्रावणात माझ्यापुढे अगदी रोकडा उभा राहिला. माझा एक जुना विद्यार्थी चिंचवडला दोन गाळे घेऊन भाजणीचा आणि चकलीचा धंदा करतो. द्वितीय वर्षाला मराठीत त्याला शंभरापैकी अडतीस गुण होते, आणि तेही, त्याच्याच शब्दांत, ‘सरांच्या कृपेने’. आज त्याच्याकडे सात बायका कामाला आहेत आणि वर्षाची विक्री बावीस लाखांची आहे. त्यातली निम्मी विक्री दिवाळीआधीच्या सहा आठवड्यांत होते. या धंद्याची कुचंबणा नेमकी तिथेच आहे. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, तेल, डबे हे सारे गणपतीच्या आत रोखीने घ्यावे लागते. दुकानदार मात्र पैसे देतात ते तुळशीचे लग्न लागल्यावर. लहान उद्योगांचे पैसे फार तर पंचेचाळीस दिवसांत द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे. “पण सर, दुकानदाराला कायदा दाखवला, तर पुढल्या वर्षी तो फळीवर माझी चकली ठेवील का?” असे तो विचारतो, आणि त्यावर आमच्या अभ्यासक्रमात उत्तर नाही. मुद्रा योजनेतले कर्ज त्याने आधीच घेतलेले, हप्ते वेळेवर फेडलेले. मर्यादा वाढवून मिळण्याचा अर्ज बँकेत पडून होता. मधल्या काळासाठी त्याला दोन लाख रुपये हवे होते. माझ्या शेअरची किंमत त्या आठवड्यात दोन लाखांहून थोडी वर होती.

तो रविवारी सकाळी आला, सोबत भाजणीचा पुडा आणि धंद्याची वही घेऊन. ताळेबंद मला चांगला वाचता येत नाही. पण वही हा माझा विषय आहे, म्हणून मी ती उघडली आणि तासभर मिटली नाही. काही नोंदी इथे देतो. ‘भाजणी दळून आली. जाड. परत पाठवली.’ ‘मोहन जास्त. चकली तेलात विरघळली. दोन घाणे वाया. चूक माझी.’ ‘दुकानदार म्हणाला पैसे दिवाळीनंतर. कोणत्या दिवाळीनंतर ते विचारले नाही.’ मंडळी, परीक्षेत या मुलाला ‘माझा आवडता ऋतू’ लिहिता आला नव्हता. इथे एक विशेषण नाही, एक पदर सुटलेला नाही. ज्याला चूक लपवायची नसते, त्याचे गद्य असे असते.

धंदा आणि लेखन यांचे आपल्याकडे वैर आहे, अशी एक समजूत आहे. तिला खोटे पाडणारी वस्तू शंभर वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या मुलखात तयार झाली. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीतून १९२० च्या जानेवारीत ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्रक निघाले. कारखान्याची खबर गिऱ्हाइकांना कळावी, एवढाच त्याचा उद्देश. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे असे काही केले की नांगराच्या मागोमाग त्यातून विचार आणि वाङ्मय घरोघर गेले. पुढे ‘किर्लोस्कर’, १९३० साली ‘स्त्री’, १९३४ साली ‘मनोहर’. आपल्या किती आज्या त्या मासिकांवर वाढल्या! धंदेवाला माणूस आपण काय करतो ते प्रामाणिकपणे लिहू लागला, की ते वाचायला लोक येतात. अमेरिकेतले वॉरेन बफे यांची कीर्ती पैशामुळे झाली हे खरे. पण त्यांनी भागधारकांना दरसाल लिहिलेली पत्रे ज्यांच्याकडे एकही शेअर नाही असे लोकही वाचतात.

तर ती वही. तिच्यात वैशाखापासून तीन महिने दरमहा दहा हजारांची एक नोंद होती, आणि तिच्यासमोर लिहिले होते: ‘धर्मादाय’. मी विचारले, हा कसला धर्मादाय? तो थोडा लाजला. कामावरची एक बाई बाळंत झाली होती. मातृत्व-रजेचा कायदा दहा वा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी लागू होतो. याच्याकडे सातच. म्हणजे देणे त्याच्यावर बंधनकारक नव्हते. तरी त्याने तीन महिने पगार दिला. माझ्यातला गुंतवणूकदार त्या क्षणी सावध झाला, हे सांगायला हवे. निम्मी विक्री दीड महिन्यात होणाऱ्या, दुकानदाराच्या मर्जीवर चालणाऱ्या धंद्यात तीस हजार रुपये असे जावेत, आणि अशा धंद्यात आपण आपल्या मुलीच्या नावाचे म्हणून मनाशी धरलेले दोन लाख घालावेत का? आतल्या खोलीत तीच मुलगी त्या वेळी डबे वाजवत होती.

सौ. चहा घेऊन आल्या आणि वही घेऊन बसल्या. बँकेतली माणसे वही वाचतात ती वेगळीच. त्यांनी उलटसुलट पाने चाळली, दोन बेरजा तपासल्या, आणि बोट ठेवले ते त्याच ओळीवर.

“हे धर्मादायात का लिहिलेत?”

“मॅडम, तिने त्या दिवसांत काम केले नाही ना. मग पगार कसा म्हणायचा?”

“मी सव्वीस आठवडे काम केले नाही. बँकेने माझा पगार धर्मादायात लिहिला नाही. ती परत आली का?”

“आली की! सर, तिच्या हाताला जो अंदाज आहे तो दुसऱ्या कोणाला नाही. उकड हातात घेतली की सांगते, मोहन किती कमी पडले. ती दुसरीकडे गेली असती, तर माझी दिवाळी गेली असती.”

“मग हा धंद्याचा खर्च आहे. पगारात धरा आणि चकलीचा भाव पुन्हा काढा.”

त्याने पेन्सिल घेतली. वर्षाला पाच हजार किलोच्या आसपास माल. तीस हजार भागिले पाच हजार. किलोमागे सहा रुपये. तो बराच वेळ त्या सहा आकड्याकडे पाहत राहिला. किलोला चारशे चाळीस घेणारा माणूस चारशे सेहेचाळीस मागायला का घाबरतो, हे ज्याने दुकानदाराच्या फळीसमोर उभे राहून पाहिले आहे त्यालाच कळेल. धर्मादायात लिहिले की खर्च आपल्या खिशातून जातो आणि कोणाला काही सांगावे लागत नाही. पगारात लिहिले की तो गिऱ्हाइकाला सांगावा लागतो.

इथे कोणी म्हणेल, की हे सारे भावनेचे झाले, धंद्यात भावना कशाला? त्यावर बफे यांच्याच एका पत्रातली हकीकत सांगण्याजोगी आहे. १९६५ साली त्यांनी ताबा घेतलेली बर्कशायर हॅथवे ही मुळात कापडगिरणी. ती नीट चालत नव्हती. तरी गावातल्या लोकांचा तोच रोजगार, कामगार समजूतदार, व्यवस्थापक सरळ, म्हणून त्यांनी ती वीस वर्षे चालवली. अखेर १९८५ साली बंद केली, आणि का चालवली व का बंद केली, दोन्ही लिहून ठेवले. त्याचा मथितार्थ असा, की दोन पैसे जास्त मिळावेत एवढ्यासाठी माणसांना वाऱ्यावर सोडू नये; पण कायम तोट्यात जाणारी गोष्ट केवळ जीव गुंतला म्हणूनही ओढू नये. म्हणजे जीव गुंतला की पैसे वाचतात, असे मुळीच नाही. गुंतलेला जीव गिरणी वाचवू शकला नाही. चकलीही वाचवणार नाही. चकली वाचेल तर ती नीट काढलेल्या भावाने, आणि त्या भावात बाळंतिणीचे तीन महिने मोजलेले असले तर ते उघडपणे मोजलेले असावेत.

माझे म्हणणे एवढेच आहे. मूल झाले म्हणजे गुंतवणूकदाराने मऊ व्हावे असे नाही. त्याने हिशेब जास्त कडक करावा. आजवर ज्या गोष्टी हिशेबाबाहेर राहिल्या त्या आत घ्याव्यात. माझी मुलगी एकवीस वर्षांची होईल तेव्हा मी चौसष्टाचा असेन, आणि ती कुठेतरी कामाला असेल. तिच्या खात्यात तेव्हा किती रक्कम असेल ते पोस्टाच्या तक्त्यात पाहता येते. ती बाळंत होईल तेव्हा तिचा मालक तिच्या नावासमोर काय लिहील, हे कोणत्याच तक्त्यात नाही. ते आज चिंचवडसारख्या ठिकाणच्या वह्यांत ठरते आहे. त्या दृष्टीने पाहिले तर ते दोन लाख मुलीच्या नावाचेच होते, असे मी सौ.ना सांगितले. त्या म्हणाल्या, “हे तुमच्या लेखात लिहा. वचनचिठ्ठीत नऊ टक्के लिहा.”

तसेच झाले. शेअर विकले. वीस हजार वा त्याहून जास्त रकमेचे कर्ज रोखीने देता-घेता येत नाही, म्हणून पैसे बँकेतून पाठवले. मुदत मार्गशीर्ष अखेरपर्यंत. वडिलांना सांगितले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच माझ्या व्यवहाराविषयी हरकत घेतली नाही, फक्त विचारले, “माणूस परत करणारा आहे ना?” मी म्हटले, “चूक झाली की लिहून ठेवणारा आहे.” त्यांनी ते पुरेसे मानले असावे, कारण ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुंबईच्या शेअर-बाजारात तासाभराचे मुहूर्ताचे सौदे होतात. १९५७ पासूनची ही प्रथा. दलाल चोपड्या पुजतात, गिऱ्हाईक शकुनाचे चार शेअर घेते, आणि त्या दिवशी सहसा कोणी विकत नाही. माझ्या खात्यात यंदा शकुनापुरतेही काही उरलेले नाही. आणि धंद्याची बातमी विचाराल, तर ती सरळ चांगली वा सरळ वाईट नाही. भाव सहा रुपयांनी वाढवल्यावर एका दुकानदाराने साठ किलोची मागणी चाळीसवर आणली. दुसऱ्याने काही न बोलता तेवढीच ठेवली. तिसरा अजून विचार करतो आहे. हा अंक आपल्या हाती पडेल तोवर शेवटचे घाणे निघालेले असतील, आणि वसुलीचे दिवस पुढेच असतील. पैसे परत येतील असा माझा अंदाज आहे. अंदाज चुकला तर त्याची नोंद माझ्या वहीत उजव्या बाजूला होईल.

दरम्यान दर शनिवारी चिंचवडहून एक डबा आमच्याकडे येतो. पहिल्या खेपेस पोरगा पैसे घेईना. म्हणाला, सरांकडून कसे घेऊ? सौ.नी त्याला दारातच थांबवून पावती करायला लावली. एक किलो, चारशे सेहेचाळीस रुपये, रोख.